'मेक ओव्हर' केलं म्हणजे घर नेमकं कोणाचं झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्यात भाषांतराचं काम करतो. मराठी अर्ज, घरातल्या वाटणीची पत्रं, परदेशातल्या भावाबहिणींना पाठवायचे खुलासे असलं सगळं इंग्रजीत करून देतो. गोव्यात जमिनीचा विषय निघाला नाही असा आठवडा जात नाही आणि जमिनीचा विषय निघाला की 'मेक ओव्हर' हे क्रियापद कुठून तरी डोकं वर काढतंच. त्यावर लोक जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलं आहे. मी वकील नाही. कायद्याचं जे आलं आहे ते भाषा समजण्यापुरतं आहे.

'मेक ओव्हर' म्हणजे नक्की काय?

आपली मालमत्ता, हक्क किंवा पैसा रीतसर दुसऱ्याच्या नावावर करून देणं. 'आजोबांनी सावईचं कुळागर नातीला लिहून दिलं' हे इंग्रजीत असं होईल: 'ग्रँडफादर मेड ओव्हर द कुळागर टू हिज ग्रँडडॉटर.' कुळागराला इंग्रजी शब्द शोधत बसू नका. सुपारी, नारळ, केळी, मिरवेल आणि पानवेल एकाच पाटाच्या पाण्यावर वाढवणारी बाग एका इंग्रजी शब्दात बसत नाही. गोव्यातलं इंग्रजी वाचणाऱ्याला कुळागर कळतं.

या क्रियापदात मालकी बदलते, नुसता ताबा नाही. देणारा हयात असतो आणि देण्याची क्रिया तोच करतो. एक गोष्ट मात्र यात सांगितलेली नसते, ती म्हणजे मोबदला. 'मेड ओव्हर' वाचून बक्षीस दिलं की कर्जापोटी दिलं हे कळत नाही. बहुतेक वेळा घरातल्या घरात, प्रेमापोटी दिलेलं असतं म्हणून आपण तसं धरून चालतो. पण वाचणाऱ्याला ते कळायलाच हवं असेल तर 'ॲज अ गिफ्ट' हे शब्द जोडा.

ब्यूटी पार्लरमधला मेकओव्हर आणि हा एकच का?

शब्द तेच, काम वेगळं. रूप पालटण्याचा 'मेकओव्हर' हे नाम आहे. ते एक शब्द म्हणून लिहितात आणि उच्चारताना जोर 'मेक'वर येतो. मालमत्तेचं 'मेक ओव्हर' हे क्रियापद. ते दोन शब्दांत लिहायचं आणि जोर 'ओव्हर'वर द्यायचा. अमेरिकेत क्रियापद म्हणूनही 'नव्यानं करणं' या अर्थी वापरतात. त्यामुळे 'शी मेड ओव्हर द हाउस' एवढंच लिहिलंत तर बाईंनी घर रंगवून घेतलं की देऊन टाकलं, दोन्ही अर्थ निघतात. पुढे 'टू हर नेफ्यू' आलं की शंका मिटते. म्हणून 'टू' कधीही गाळू नका. देण्याचा अर्थ त्या 'टू'वरच टेकलेला आहे.

शाळेत विभक्ती घोकलेल्यांना हे लवकर पटतं. मराठीत ज्याला द्यायचं त्याला 'स, ला, ते' लागतं, ती चतुर्थी आणि तिचा कारकार्थ संप्रदान. पाणिनीचं सूत्रही हेच सांगतं: 'कर्मणा यमभिप्रैति स सम्प्रदानम्'. इंग्रजीत ते काम 'टू' करतो.

शब्दांचा क्रम कसा ठेवायचा?

मालमत्तेचं नाव मध्येही चालतं, नंतरही चालतं. 'मेड द हाउस ओव्हर टू हर' आणि 'मेड ओव्हर द हाउस टू हर' दोन्ही बरोबर. मात्र नावाऐवजी 'इट' किंवा 'देम' आलं तर ते मध्येच हवं: 'मेड इट ओव्हर टू हर'. 'मेड ओव्हर इट' असं होत नाही. मालमत्तेचं वर्णन लांबलचक असेल, म्हणजे सर्व्हे नंबर, चतुःसीमा, विहिरीतला अर्धा हक्क असं सगळं, तर ते मध्ये कोंबू नका. वाचणारा 'ओव्हर'पर्यंत पोचेस्तोवर 'मेड' विसरलेला असतो.

'नावावर केलं', 'करून दिलं', 'करून घेतलं' या तिन्हीला 'मेड ओव्हर' चालेल?

नाही. यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी डिचोलीकडच्या एक वयस्कर बाई पुतण्याच्या तक्रारीचं पत्र घेऊन आल्या. वहीच्या दोन पानांवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. मधलं एक वाक्य असं होतं: 'मी इस्पितळात होते तेव्हा पुतण्यानं घर नावावर करून घेतलं.' मी घाईत होतो. लिहून टाकलं, 'माय नेफ्यू मेड ओव्हर द हाउस व्हाइल आय वॉज इन हॉस्पिटल.' बाई पत्र घेऊन वकिलाकडे गेल्या आणि तासाभरात परत आल्या. म्हणाल्या, "अरे बाबा, वकील विचारतात पुतण्यानं घर कोणाला दिलं? त्यानं दिलं कुठं, त्यानं तर घेतलं!"

माझ्या वाक्यात पुतण्या दाता झाला होता. बाईंची सगळी तक्रार 'घेतलं' या शब्दात होती आणि तोच मी खाऊन टाकला होता. दुरुस्त वाक्य असं झालं: 'ही गॉट द हाउस मेड ओव्हर टू हिमसेल्फ.' पत्राचे पैसे परत केले. त्या घ्यायला तयार नव्हत्या.

तेव्हापासून मी कागद हातात आला की आधी सहायक क्रियापद बघतो. इंग्रजीत 'ओव्हर', 'ऑन', 'अवे', 'डाउन' जे काम करतात ते मराठीत बरंचसं 'देणे', 'घेणे', 'टाकणे', 'ठेवणे' करतात. 'लिहिलं' म्हणजे नुसतं लिहिलं. 'लिहून दिलं' म्हणजे हातातून गेलं, 'लिहून घेतलं' म्हणजे दुसऱ्याच्या हातून काढलं, आणि 'देऊन टाकलं' म्हणजे मागे वळून न बघता दिलं. शेवटच्याला इंग्रजीत 'गेव्ह अवे' जवळचं आहे. त्यात थोडा उधळेपणाचाही वास येतो, तो 'मेड ओव्हर'मध्ये नाही. त्यामुळे बापानं विचार करून, कागद करून मुलीला घर दिलं असेल तर 'गेव्ह अवे' लिहिणं त्याच्यावर अन्याय आहे.

बिल्डरनं फ्लॅट 'हँडओव्हर' केला. म्हणजे तो माझ्या नावावर झाला ना?

'हँड ओव्हर' म्हणजे हवाली करणं. किल्ली मिळाली, ताबा मिळाला. नावाचा प्रश्न तिथे सुटत नाही. भाडेकरूलाही किल्ली हँड ओव्हर करतातच की. मालकी सांगायची असेल तर 'मेड ओव्हर', 'ट्रान्सफर्ड' किंवा 'कन्व्हेड' हवं. पणजीत नाहीतर मडगावात फ्लॅट घेतलेले कितीतरी लोक 'हँडओव्हर झाला' म्हणून पेढे वाटतात. पेढे खुशाल वाटा, पण नोंदणी झालेला विक्रीचा दस्त हाती आला का तेही बघा.

'टेक ओव्हर' घेणाऱ्याच्या बाजूचं आहे, आणि त्यात देणाऱ्याची मर्जी असेलच असं नाही. 'साइन ओव्हर' हे 'मेक ओव्हर'चं सख्खं भावंड. सही करून दिलं, एवढाच फरक. बोलण्यात आज तेच जास्त ऐकू येतं. 'मेक ओव्हर'ला थोडा जुन्या कागदाचा वास आहे.

'सेटल ऑन' कुठे वापरतात? त्याचा अर्थ 'ठरवणं' असा ना?

दोन्ही अर्थ आहेत, आणि शब्द कुठे बसतो त्यावर कुठला घ्यायचा ते ठरतं. मला हे फार आवडतं म्हणून दोन वाक्यं शेजारी ठेवतो.

'ही सेटल्ड ऑन अ हाउस इन म्हापसा.' बरीच घरं पाहिली, शेवटी म्हापशातलं एक पसंत केलं.

'ही सेटल्ड अ हाउस इन म्हापसा ऑन हिज वाइफ.' म्हापशातलं एक घर बायकोच्या नावे कायमचं लावून दिलं.

'ऑन'च्या पुढे घर आलं तर निवड, माणूस आला तर देणगी. 'ऑन'ऐवजी 'अपॉन'ही चालतं, ते जरा जास्त भारदस्त वाटतं. 'मेक ओव्हर'मध्ये एकदा दिलं की संपलं. 'सेटल ऑन'मध्ये पुढच्या आयुष्याची तजवीज करण्याचा भाव असतो. इंग्लंडमध्ये लग्नाच्या वेळी वधूच्या आणि होणाऱ्या मुलांच्या नावे मालमत्ता किंवा वार्षिक उत्पन्न बांधून ठेवण्याची पद्धत होती. तिला 'मॅरेज सेटलमेंट' म्हणत, आणि हा अर्थ त्या व्यवहारात रुळलेला आहे. आपल्या 'आंदण' किंवा कोकणीतल्या 'दोत' यांच्याशी त्याचं वरवर साम्य वाटेल. पण तिथे मालमत्ता बहुधा विश्वस्तांच्या हाती असे, नवऱ्याला ती सहज उडवता येऊ नये म्हणून. तेव्हा 'सेटल्ड'चं भाषांतर 'आंदण दिलं' असं करू नका. 'नावे कायम करून दिलं' पुरेसं आहे.

गोव्यात एकटा नवरा घर मुलाच्या नावावर 'मेक ओव्हर' करू शकतो का?

व्याकरणानं करू शकतो. कायद्याचं गणित वेगळं आहे, आणि भाषांतर करणाऱ्यालाही ते माहीत असावं लागतं, कारण कर्ता एकवचनी लिहायचा की अनेकवचनी ते तिथे ठरतं.

पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी तिचा कुटुंब आणि वारसा यांविषयीचा गाभा कायम राहिला. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आला आहे आणि तो डिसेंबर २०१६ पासून अंमलात आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, अर्धी त्याची आणि अर्धी तिची. म्हणून स्थावर मालमत्ता द्यायची तर दोघांच्या सह्या लागतात. आमच्याकडच्या दस्तांत 'डोनर्स' असं अनेकवचन दिसतं ते यामुळेच. एकदा एका माणसानं मला सांगितलं, "आईचं नाव कशाला घालता? जमीन बाबांच्या बापाची." गोव्यात हे कारण सहसा पुरत नाही.

दुसरी अट अशी की मुलंबाळं असतील तर आपल्या वाट्याच्या अर्ध्याच भागाची मोकळेपणानं विल्हेवाट लावता येते. उरलेला अर्धा वारसांसाठी राखीव असतो आणि त्यात मुलगा-मुलगी समान. हयातीत एकाच मुलाला दिलेलं पुढे वाटणीच्या वेळी हिशेबात धरलं जाऊ शकतं. त्यामुळे 'सगळं धाकट्याच्या नावावर करून दिलं' असं अभिमानानं सांगणाऱ्यांचं 'मेड ओव्हर' वारसांच्या यादीपर्यंत पोचल्यावर आकसू शकतं. दोन हजार एकोणीस साली सर्वोच्च न्यायालयानं असंही सांगितलं की गोव्याचा रहिवास असलेल्याची गोव्याबाहेरची मालमत्ताही वारशासाठी याच कायद्याखाली येते. मुंबईतल्या खोलीबद्दल लिहिताना हे लक्षात ठेवा.

मग दस्तऐवजातच 'मेक ओव्हर' लिहावं का?

बक्षीसपत्रात मी लिहिणार नाही. तिथे 'गिफ्ट', 'ट्रान्सफर', 'कन्व्हे' असे ठरलेले शब्द असतात, आणि ते वकिलांनी निवडावेत. तुम्हाला वाटेल एकाच अर्थाचे तीन-तीन शब्द का घालतात. अकराव्या शतकात नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर कायद्यात इंग्रजी, फ्रेंच आणि लॅटिन एकत्र नांदू लागल्या. कोणालाही कळावं म्हणून शब्दांच्या जोड्या लावायची सवय लागली. 'गिव्ह' अस्सल इंग्रजी, 'ग्रँट' फ्रेंचमधून आलेला. 'विल अँड टेस्टामेंट'चंही तेच. आपल्याकडे नाही का, 'कायदा', 'दस्त', 'हक्क' अरबी-फारसीतून आलेले आणि 'पत्र' संस्कृत? 'हक्कसोडपत्रा'त दोघं सुखानं एकत्र राहतात.

'मेक ओव्हर' पत्रात, बातमीत, निवेदनात, कुटुंबाचा इतिहास सांगताना शोभतं. आणि शब्द कोणताही वापरा, स्थावर मालमत्तेचं बक्षीस नोंदणी झालेल्या दस्तानंच होतं. देणाऱ्याची सही लागते, किमान दोन साक्षीदार लागतात, आणि देणारा जिवंत असेतो घेणाऱ्यानं ते स्वीकारावं लागतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हे स्पष्ट आहे. जेवणाच्या पाटावर बसून 'हे घर तुझंच' म्हटल्यानं इंग्रजीतही 'मेड ओव्हर' होत नाही.

दिलेलं परत घेता येतं का? त्याला इंग्रजीत काय म्हणतात?

'टेक बॅक' बोलण्यात, 'रिव्होक' कागदावर. मनात आलं म्हणून बक्षीस रद्द करता येत नाही. पण साठी ओलांडलेल्या आईवडिलांनी 'सांभाळशील' या अटीवर दिलं असेल आणि मुलगा सांभाळत नसेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातल्या कलम २३ चा आधार मिळू शकतो. म्हणून असं पत्र लिहिताना 'ऑन कंडिशन दॅट' हे शब्द गाळले गेले नाहीत ना ते मी दोनदा बघतो.

मृत्युपत्रानं दिलं तर 'मेड ओव्हर' म्हणायचं का?

नको. तिथे 'लेफ्ट' किंवा 'बिक्वीद्ड'. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, तोवर बदलताही येतं. 'लेफ्ट'नंतरही कोणाला ते यायलाच हवं. 'ही लेफ्ट हिज हाउस' म्हणजे घरातून निघून गेला. 'ही लेफ्ट हिज हाउस टू हिज सिस्टर' म्हणजे बहिणीला ठेवून गेला.

'हक्कावर पाणी सोडलं' याला काय लिहू?

'गेव्ह अप हर शेअर' किंवा 'साइन्ड अवे हर शेअर'. दुसऱ्यात जरा पश्चात्तापाची छटा आहे. कागदोपत्री 'रिलिंक्विश्ड'. यांपैकी एकातही कोणाला दिलं ते येत नाही. सोडलं, इतकंच. बहिणीला आपला हिस्सा नेमका एकाच भावाला द्यायचा असेल तर ते सोडणं नव्हे, ते देणं झालं. मग 'मेड ओव्हर हर शेअर टू' हवं, आणि दस्तही बहुधा वेगळा लागतो. लोक या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात. अर्ज लिहून घेण्याआधी वकिलाला विचारून या, असं मी सांगतो.

या वाक्प्रचाराची गंमत अशी की 'पाणी सोडणं' मुळात दानाचंच. दान देताना हातावरून उदक सोडायचं, म्हणजे त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. जुन्या ताम्रपटांत जमीन 'उदकपूर्वक' दिल्याचे उल्लेख येतात. ते सोडलेलं पाणी म्हणजे तेव्हाची नोंदणीच म्हणा. आज कन्यादानात आणि श्राद्धात विधी तेवढा राहिला आहे, आणि बोलण्यात मात्र 'पाणी सोडलं' म्हणजे हातचं गेलं असा रडका अर्थ उरला. ताम्रपटातल्या पाण्याला 'मेड ओव्हर' शोभेल, आजच्या पाण्याला 'गेव्ह अप'.

घरपट्टी माझ्या नावावर येते. 'द हाउस हॅज बीन मेड ओव्हर टू मी' लिहू?

लिहू नका. पंचायतीची घरपट्टी कराची नोंद आहे. जमिनीच्या सरकारी नोंदीवर, म्हणजे फॉर्म १ व १४ वर, नाव चढणं म्हणजे म्युटेशन, तेही नोंदच. आधी दस्त आणि मग नोंद, हा क्रम इंग्रजीतही पाळा: 'इट वॉज मेड ओव्हर टू मी, अँड माय नेम वॉज देन एंटर्ड इन द रेकॉर्ड.'

सरकारी कागदात 'मेड ओव्हर चार्ज' दिसतं. तिथे कसली मालमत्ता?

तिथे पदभार. जाणाऱ्यानं 'मेड ओव्हर' केला, येणाऱ्यानं 'टूक ओव्हर' केला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १९२ चं शीर्षकच एका दंडाधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे खटले 'मेक ओव्हर' करण्याबद्दल होतं. हे भारतीय कचेरीतलं इंग्रजी. चुकीचं मुळीच नाही, थोडं पेन्शनीत निघालेलं आहे इतकंच.

'हँड डाउन', 'पास ऑन', 'कम इंटू'?

'हँड डाउन' पिढ्यान्‌पिढ्या: पितळी समई, खतखत्याची कृती, देवघरातली मूर्ती. 'पास ऑन' निरोपापासून जमिनीपर्यंत कशालाही, पण त्याचा एक अर्थ 'वारले' असाही आहे, तेव्हा वडीलधाऱ्यांविषयी लिहिताना जपून. 'कम इंटू' मिळणाऱ्याच्या बाजूनं: 'शी केम इंटू सम मनी', तिच्याकडे वारशानं पैसा आला. तो घाम गाळून मिळवलेला नाही हे त्यात न बोलता येतं.

'आजीनं माझ्यासाठी पाटल्या ठेवल्यात' हे इंग्रजीत कसं लिहू?

हा प्रश्न गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या मुलीनं विचारला. तिनं स्वतः 'माय ग्रँडमदर हॅज लेफ्ट मी हर बँगल्स' असं लिहून आणलं होतं. मी विचारलं, "आजी कधी गेल्या?" ती दचकली. "नाही हो, आहे ना! आत्ता बाहेर गाडीत बसलीय."

मग 'लेफ्ट' खोडलं. पाटल्या अजून आजीच्याच आहेत, तेव्हा 'मेड ओव्हर'ही नाही. 'शी हॅज पुट हर बँगल्स असाइड फॉर मी' असं लिहून दिलं. मुलगी कागद घेऊन गेली. खिडकीतून दिसलं, ती गाडीशी वाकून आजीला वाचून दाखवत होती, आणि आजी हात हलवून तिला लवकर गाडीत बस म्हणत होती. पाटल्या त्या हातात होत्या.